गाडी ॲव्हरेज किती देते?

सोलापुरात दारात नवी गाडी उभी राहिली की पेढा तोंडात पडायच्या आत शेजारचे काका विचारतात, "ॲव्हरेज काय देतीय ओ?" गाड्यांच्या इंधनाबद्दलचा सरकारी नियमही ॲव्हरेजचाच आहे. मात्र एका गाडीच्या नव्हे, कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या. भारतात तो २०१७-१८ पासून लागू झाला आणि २०२२-२३ पासून आणखी कडक झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्याच त्यात धरल्या. टॉवेल-चादरींचे गठ्ठे घेऊन अक्कलकोट रोडने धावणारा छोटा हत्ती नाही.

ही सरासरी काढताना भलेभले चुकतात. समजा, एक गाडी लिटरला २५ किलोमीटर जाते, दुसरी साडेबारा. सरासरी पावणेएकोणीस? दोन्ही गाड्या पुण्याला पाठवून बघा. अंतर साधारण २५० किलोमीटर. पहिलीला १० लिटर लागलं, दुसरीला २०. म्हणजे ५०० किलोमीटरला ३० लिटर, लिटरला पावणेसतराही नाही! जास्त पिणारी गाडी सरासरी अशी खाली ओढते. म्हणून नियमात लिटरला किती किलोमीटर हे न मोजता १०० किलोमीटरला किती लिटर हे मोजतात. शोरूममध्येही तसंच सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे. लिटरला १० देणारी गाडी १२ देऊ लागली, तर शंभर किलोमीटरमागे पावणेदोन लिटरच्या आसपास वाचतं. २० ची २५ झाली तर एकच लिटर. आपल्याला मात्र दुसरी सुधारणा मोठी वाटते.

सध्याच्या टप्प्यात गाड्यांचं सरासरी वजन ११४५ किलो असेल, तर मर्यादा १०० किलोमीटरला सुमारे ४.७७ लिटर आहे. वजन दर १०० किलोने वाढलं की ०.२ लिटरची सूट मिळते. मला ही सूट खटकते, कारण गाडी हलकी करायची ओढच त्यामुळे कमी होते. अमेरिकेत असंच काहीसं घडलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये तिथे असा कायदा झाला, पण हलक्या ट्रकांसाठी मर्यादा वेगळी आणि सैल ठेवली. पुढे घरगुती वापराच्या मोठमोठ्या गाड्या त्याच ट्रकांच्या वर्गात बसल्या आणि भरपूर खपल्या.

कुठल्या गाडीला शंभर किलोमीटरला किती लिटर लागतं, हा आकडा येतो प्रयोगशाळेतून. गाडी फिरत्या रोलरांवर जागच्या जागी पळवतात आणि धुराड्यातून येणारा वायू गोळा करून त्यातल्या कार्बनवरून जळालेलं इंधन काढतात. वजनाने पाऊण किलोच्या आसपास असलेलं एक लिटर पेट्रोल जळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं! चाचणीत वेग ताशी ९० च्या पुढे जात नाही आणि एसी बंद असतो. सोलापूरच्या मे महिन्यात एसी बंद ठेवून कोण गाडी चालवणार? शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे पुणे हायवेवर ताशी ११० ने गेलं की तो ९० च्या दीडपट होतो.

गेल्या मे महिन्यात मी टाकी फुल्ल करून निघालो आणि पुण्यात पोचल्यावर पुन्हा फुल्ल केली. अडीचशे किलोमीटरला सव्वापंधरा लिटर. परतल्यावर काकांनी विचारलंच.

"शंभराला सहा लिटर, काका. वर थोडंसं."

काकांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे सोळाच की ओ! शोरूमवाला एकवीस म्हणालता."