जॅग्वार एक्सके एंजिनाचे शीतन

जॅग्वार कंपनीच्या एक्सके या सहा सिलिंडरांच्या पेट्रोल एंजिनातील जादा उष्णता पाण्यावाटे बाहेर काढण्याची व्यवस्था, तसेच हे एंजिन प्रमाणाबाहेर तापू नये म्हणून घ्यावयाची काळजी. एंजिन १९४८ मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात एक्सके १२० या गाडीबरोबर प्रथम लोकांपुढे आले. त्याची रचना विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन व क्लॉड बेली यांची असून सिलिंडर हेडच्या आकारावर हॅरी वेस्लेक यांनी काम केले. सिलिंडरांचा ठोकळा ओतीव लोखंडाचा, त्यावर बसणारे हेड ॲल्युमिनियमचे.

पेट्रोल एंजिनात इंधनाच्या उष्णतेचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो. जवळजवळ तेवढीच उष्णता धुराबरोबर जाते आणि उरलेली मुख्यतः पाण्याला वाहून न्यावी लागते. एक्सकेमध्ये पुढच्या बाजूचा पंप पाणी ठोकळ्यात ढकलतो. ते ठोकळा व हेड यांमधील गास्केटच्या भोकांतून हेडमध्ये चढते, पुढच्या टोकाला थर्मोस्टॅटपाशी (पाणी तापले की उघडणाऱ्या झडपेपाशी) येते व तेथून हवेने पाणी निववणाऱ्या रेडिएटरकडे जाते. एंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो आणि पाणी एका आडवाटेने थेट पंपाकडे परतते. या आडवाटेचा विचार पुढे केला आहे.

शीतनाविषयीचा सर्वांत गाजलेला वाद फ्रान्समधील १९५२ च्या ल मान्स शर्यतीचा आहे. आदल्या वर्षी याच एंजिनाच्या, जॅग्वारच्या सी-टाइप या शर्यतीच्या गाडीने ही शर्यत जिंकली होती. १९५२ च्या मे महिन्यात इटलीतील मिल्ये मिल्या शर्यतीत मर्सिडीजच्या वेगाचा अनुभव जॅग्वारचे चालक स्टर्लिंग मॉस यांना आला, आणि ल मान्ससाठी गाडीला घाईघाईने लांबट, खाली झुकलेले नाक व लांब शेपूट देण्यात आली. त्यासाठी शीतनव्यवस्थाही बदलली. तिन्ही गाड्या पहिल्या काही तासांतच बाद झाल्या. एका मतानुसार दोष नव्या नाकाचा होता, कारण रेडिएटरला पुरेशी हवा मिळत नव्हती. कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस यांच्या नंतरच्या चाचण्यांतून मात्र वेगळे चित्र दिसले. पंपाची पुली लहान असल्याने पंप फाजील वेगाने फिरे व पाण्यात पोकळ्या निर्माण होत. शिवाय पाण्याची टाकी रेडिएटरपासून दूर नेलेली आणि जोडनळ्या अरुंद, जेमतेम ७/८ इंच व्यासाच्या होत्या. पुली मोठी करून १¼ इंची नळ्या बसवताच तक्रार मिटली. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तो दोष बदल करून तपासलेला आहे, तर नाकाविषयीचे मत बहुतांशी गाडीच्या रूपावरून बांधलेले दिसते. १९५३ मध्ये जुन्या धाटणीच्या अंगाची सी-टाइप पुन्हा जिंकली.

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथे आलेल्या जॅग्वारच्या ई-टाइप गाडीत एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा नव्हता. रेडिएटरमागे विजेचा एकच पंखा होता आणि पाणी ठरावीक तापमानाला पोचले की वरच्या टाकीवरील स्विच तो चालू करी. वेगात असताना गाडीच्या पुढच्या तोंडातून शिरणारी हवा पुरते. अडचण रांगत्या वाहतुकीत व चढावर येते. जुन्या जोडण्यांतून व्होल्ट गळाले की पंखा फिरतो, पण हळू. मालक मात्र तो चालू आहे एवढेच पाहतो. १९६८ मध्ये ई-टाइपच्या दुसऱ्या मालिकेत तोंड मोठे करून दोन पंखे दिले गेले. ही जुन्या दोषाची कबुली होती, की अमेरिकी धूर-नियमांमुळे व वातानुकूलनामुळे वाढलेल्या उष्णतेची सोय, याविषयी एकमत नाही. कदाचित दोन्ही कारणे असावीत.

आता आडवाट. मूळचा थर्मोस्टॅट भात्यासारखा असून त्याला बाहेरून एक बाही असते. झडप उघडताना ही बाही सरकून आडवाटेचे तोंड झाकते, त्यामुळे सगळे गरम पाणी रेडिएटरकडे वळते. नंतरच्या मेणाच्या साध्या थर्मोस्टॅटला बाही नसते. तो बसवला की आडवाट कायम उघडी राहते व गरम पाण्याचा एक हिस्सा न निवताच पुन्हा ठोकळ्यात शिरतो. घाटात गाडी तापली की ‘थर्मोस्टॅटच काढून टाका’ हा आपल्याकडच्या गॅरेजांतील ठरलेला सल्ला. या एंजिनात तो पाळल्यास त्याच कारणाने गाडी अधिकच तापते. रेडिएटर मोठा करण्याआधी थर्मोस्टॅट हातात घेऊन बाही आहे का, एवढे पाहणे स्वस्त पडते.

दुसरे नेहमीचे कारण गाळ. लोखंडाचा गंज व ओतकामातून राहिलेली माती ठोकळ्याच्या मागच्या टोकाला, पहिल्या सिलिंडरभोवती (जॅग्वारमध्ये सिलिंडर मागून मोजतात) साचते. ठोकळ्यावरील तोटी उघडली तरी पाणी येत नाही. तार घालून खरवडले की आधी तपकिरी चिखल आणि मग धार लागते. अशा वेळी बाजूच्या गोल बुचपट्ट्या काढून ठोकळा आतून धुवावा लागतो. १९६४ च्या ४.२ लिटर एंजिनात ठोकळ्याची लांबी न वाढवता सिलिंडरांचा व्यास ८७ वरून सुमारे ९२ मिमी. केल्याने काही सिलिंडरांमधील पाण्याची फट उरली नाही. अतितापनानंतर तेथे तडे गेलेले आढळतात.

प्रज्वलनाचे टायमिंग मागे पडणे, म्हणजे ठिणगी उशिरा पडणे, किंवा कार्ब्युरेटरचे मिश्रण विरळ होणे यांनीही एंजिन तापते.

शीतनव्यवस्थेच्या, आत दाब धरून ठेवणाऱ्या झाकणामुळे पाणी उशिरा उकळते : दर चौरस इंचास ७ पौंड दाबाला समुद्रसपाटीवर उत्कलनबिंदू सुमारे १११° से. होतो. एथिलीन ग्लायकॉल हे गोठणरोधक घातल्यास तो आणखी चढतो, पण निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण निव्वळ पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहते. गोठणाची भीती नसलेल्या प्रदेशात म्हणून त्याचे प्रमाण कमी ठेवता येते; गंजरोधक मात्र वगळता येत नाही. लोखंड व ॲल्युमिनियम एकाच पाण्यात असल्याने हेडमधील पाण्याच्या वाटांच्या कडा खाल्ल्या जातात, आणि पुढच्या काळातील ४.२ एंजिनांत हेडचे लांब स्टड (हेड आवळून धरणारे आटेदार दांडे) ठोकळ्यातील पाण्यातूनच तळापर्यंत जात असल्यामुळे तेही गंजून तुटतात.