डिस्क सापडण्याआधीची स्क्रिप्ट

पॉवरचं बटण दाबल्यापासून लॉगिनची चौकट दिसेपर्यंतच्या काही सेकंदांत एक टप्पा असा येतो, की लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पुरता जागा असतो, पण त्याला मूळ डिस्क वाचता येत नसते. प्रोग्राम, सेटिंग्ज, तुमच्या फाइली, सगळं त्या डिस्कवर असतं आणि कर्नल मेमरीत एकटा असतो. इथून डिस्कपर्यंतचा रस्ता काढायचं काम डेबियनसारख्या वितरणांत (लिनक्सच्या तयार संचांत) साध्या शेल स्क्रिप्टी, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांच्या फाइली, करतात. त्या कोणालाही उघडून वाचता येतात आणि त्यांत आपली भरही घालता येते. ऑपरेटिंग सिस्टिम आतून समजून घ्यायची असेल, तर माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. पुढे शेकडो सेवा एकमेकींत गुंतलेल्या असतात. इथे मोजक्या फाइली असतात आणि प्रत्येक फाइल तिथे का आहे याचं उत्तर देता येतं.

या टप्प्यापर्यंत संगणक येतो कसा, ते थोडक्यात. आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर (चिपमध्ये बसवलेलं सॉफ्टवेअर) जागं होतं. जुन्या बायोस पद्धतीत ते डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतं, ज्यांत प्रत्यक्ष कोडसाठी जेमतेम ४४६ बाइट मिळतात. आताच्या यूईएफआय पद्धतीत ते डिस्कच्या एका ठरावीक विभाजनातली (भागातली) फाइल थेट चालवतं. दोन्हीकडे पुढचा मान बूटलोडरचा. तो दोन गोष्टी मेमरीत आणून ठेवतो: एक कर्नल आणि दुसरी इनिटरॅमएफएस, म्हणजे एका गठ्ठ्यात बांधलेली छोटीशी फाइल सिस्टिम.

हा दुसरा गठ्ठा लागतोच कशाला? डिस्क वाचायला ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कोड, लागतो आणि ड्रायव्हर ठेवलेला असतो डिस्कवर. तिजोरीची किल्ली तिजोरीतच. प्रत्येक कंट्रोलरचा ड्रायव्हर कर्नलमध्येच कोंबला तर कर्नल अवाढव्य होईल, आणि तरीही काम अर्धंच होईल. डिस्क कूटबद्ध असेल तर पासवर्ड कोणीतरी विचारायला हवा. चार डिस्क मिळून एक रेड संच असेल तर तो जुळवायला हवा. मूळ फाइल सिस्टिम दूरच्या सर्व्हरवर असेल तर आधी नेटवर्क उभं करायला हवं. पासवर्ड किती वेळा विचारायचा, कोणत्या डिस्कसाठी किती वेळ थांबायचं, असले निर्णय कर्नलने घेऊ नयेत, ही लिनक्सची जुनी शिस्त आहे.

पूर्वी यावर इनिटआरडी नावाचा तोडगा होता: मेमरीत ठरावीक आकाराची खोटी डिस्क बनवायची आणि तिच्यावर फाइल सिस्टिम चढवायची. पण ती खोटी डिस्क वाचायलाही कर्नलमध्ये त्या फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर हवाच. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ मालिकेपासून ही अडचण मुळातूनच गेली. आता कर्नल गठ्ठा सोडतो तो थेट मेमरीतल्या फाइल सिस्टिममध्ये. मधे डिस्क नाही, तिचं सोंगही नाही.

गठ्ठ्याची रचना सीपीआयओ या जुन्या युनिक्स स्वरूपाची आहे आणि ती इतकी साधी आहे की हेक्स दाखवणाऱ्या संपादकात डोळ्यांनी वाचता येते. प्रत्येक फाइलआधी ११० अक्षरांची नोंद, तिची सुरुवात ०७०७०१ या सहा अंकांनी. मग फाइलचं नाव, मग मजकूर. सगळ्यात शेवटी ‘ट्रेलर’ नावाची, पुढे तीन उद्गारचिन्हं असलेली एक पोकळ नोंद. असे अनेक गठ्ठे एकामागे एक चिकटवले तरी कर्नल ते क्रमाने सोडवतो. प्रोसेसरच्या मायक्रोकोडची, म्हणजे त्याच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती याच सोयीवर चालते: पुढे मायक्रोकोडचा छोटा, न दाबलेला (कॉम्प्रेस न केलेला) गठ्ठा आणि त्याच्यामागे दाबलेला मुख्य गठ्ठा. नंतरच्या गठ्ठ्यातली फाइल आधीच्या त्याच नावाच्या फाइलची जागा घेते. त्यामुळे मूळ गठ्ठ्याला हात न लावता, मागे आपला चिमुकला गठ्ठा जोडून एखादा प्रयोग करून पाहता येतो.

गठ्ठा सुटला की कर्नल त्यात अगदी मुळाशी असलेली ‘इनिट’ नावाची फाइल शोधतो आणि ती चालवतो. हीच पहिली प्रक्रिया (चालू असलेला प्रोग्राम), क्रमांक १. ही फाइल शेल स्क्रिप्ट असू शकते, आणि कामापुरती स्क्रिप्ट पंधरा-वीस ओळींत लिहून होते. आधी ‘प्रोक’ आणि ‘सिस’ या आभासी फाइल सिस्टिम जोडायच्या, कारण त्यांच्याविना कर्नलला दिलेले पर्यायही वाचता येत नाहीत. मग ‘डेव्ह’ जोडायचं, म्हणजे उपकरणांच्या फाइली दिसू लागतात. लागतील ते ड्रायव्हर भरायचे, मूळ डिस्क येण्याची वाट पाहायची, ती एका रिकाम्या फोल्डरवर केवळ वाचण्यापुरती जोडायची आणि शेवटी सूत्रं तिच्याकडे द्यायची.

हा शेवटचा भाग जरा निरखून पाहण्यासारखा आहे. ज्या मेमरीतल्या फाइल सिस्टिमवर आपण उभे आहोत ती कर्नलला काढून टाकता येत नाही. ती त्याची पायाभूत फाइल सिस्टिम असते. म्हणून ‘स्विच-रूट’ हा प्रोग्राम वेगळी वाट धरतो. तो आपल्या पायाखालच्या फाइली एकेक करून पुसतो, म्हणजे त्यांनी अडवलेली मेमरी मोकळी होते. मग नवी डिस्क सरकवून मुळाच्या जागी आणतो आणि तिच्यावरचा खरा इनिट सुरू करतो. हे सगळं ‘एक्झेक’ने व्हावं लागतं: नवी प्रक्रिया काढायची नाही, असलेल्या प्रक्रियेतच नवा प्रोग्राम भरायचा, म्हणजे क्रमांक १ कायम राहतो. ‘एक्झेक’ हा एक शब्द विसरला तर स्विच-रूटला वेगळा क्रमांक मिळतो आणि तो कामच नाकारतो. स्क्रिप्ट पुढे जाऊन संपते, पहिली प्रक्रिया मरते आणि कर्नल पॅनिक होतो (सगळं थांबवतो): इनिटला मारायचा प्रयत्न झाला.

या टप्प्यासाठी लिहिताना मुख्य पथ्य एकच: काहीही गृहीत धरायचं नाही. सवयीने असतीलच असं वाटणाऱ्या गोष्टी इथे नसतात. बॅश हा नेहमीचा शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) बहुधा नसतो. बिझीबॉक्स या छोट्या आज्ञांच्या संचातला किंवा तसाच एखादा छोटा शेल असतो, त्यामुळे बॅशमधल्या याद्या (ॲरे) वापरल्या की स्क्रिप्ट अडकते. (बिझीबॉक्सचा जन्मही अशाच टंचाईतला. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये डेबियनची बूट होणारी फ्लॉपी करण्यासाठी तो लिहायला घेतला.) डिस्कची नावं ठरलेली नसतात, आज ‘एसडीए’ असलेली डिस्क उद्या ‘एसडीबी’ असेल, म्हणून तिच्या यूयूआयडीनेच, म्हणजे न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकानेच, हाक मारायची. काही छोट्या बोर्डांवर बॅटरीवरचं घड्याळ नसतं. तिथे तारीख १ जानेवारी १९७० असते आणि सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं ‘अजून लागू झालेली नाहीत’ म्हणून नाकारली जातात.

लायब्रऱ्यांची, म्हणजे प्रोग्रामना लागणाऱ्या सामायिक कोडच्या फाइलींची, गोष्ट तर खूप जणांना रडवते. समजा तुम्ही एखादा प्रोग्राम गठ्ठ्यात टाकलात, पण त्याच्या लायब्रऱ्या आणि लोडर राहिले. शेल सांगतो, ‘फाइल सापडत नाही’. फाइल तर समोर दिसत असते! न सापडलेली फाइल प्रोग्रामची नसून त्याला मेमरीत चढवणाऱ्या लोडरची असते, पण संदेशात ते येत नाही. इनिटच्या बाबतीतही तेच: कर्नल उणे २ हा त्रुटी क्रमांक दाखवतो आणि खरी उणीव असते ती पहिल्या ओळीत नाव दिलेल्या शेलची. आणखी एक खोच आहे. काही लायब्रऱ्या प्रोग्रामच्या यादीत नसतातच, चालता चालता मागितल्या जातात. एखादा थ्रेड (प्रोग्राममधला समांतर चालणारा धागा) मधेच थांबवायची वेळ आली की सी भाषेची लायब्ररी जीसीसी या कंपायलरची एक साहाय्यक लायब्ररी मागते. ती गठ्ठ्यात नसेल तर सगळं सुरळीत चालतं आणि नेमकं शेवटी कोसळतं.

म्हणून अख्खा इनिट स्वतः लिहिणं हा उत्तम अभ्यास असला, तरी रोजच्या वापराच्या मशीनवर वितरणाने ठेवलेल्या जागाच वापराव्यात. डेबियन आणि त्याच्या घराण्यात ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’ दोन प्रकारच्या स्क्रिप्टी घेतं, आणि नवख्यांचा गोंधळ इथेच उडतो. ‘हुक’ चालतो तो गठ्ठा बांधताना, म्हणजे तुमच्या चालू, सुसज्ज सिस्टिमवर. त्याचं काम कोणता प्रोग्राम आणि कोणता ड्रायव्हर आत न्यायचा हे सांगणं. ‘कॉपी-एक्झेक’ ही आज्ञा प्रोग्रामसोबत त्याच्या लायब्रऱ्याही नेते. दुसरा प्रकार बूट होताना चालणाऱ्या स्क्रिप्टींचा. त्यांचे टप्पे ठरलेले आहेत: अगदी सुरुवातीचा ‘इनिट-टॉप’, मूळ डिस्क शोधण्याच्या वेळचा ‘लोकल-टॉप’, ती जोडण्याच्या जरा आधीचा ‘लोकल-प्रीमाउंट’, आणि सूत्रं देण्याआधीचा ‘इनिट-बॉटम’. एकाच टप्प्यातल्या स्क्रिप्टींचा क्रम नावावर भरवसा ठेवून लावायचा नाही. आपल्या आधी कोण चालायला हवं हे प्रत्येक स्क्रिप्टने ‘प्रीरेक’ या ओळीत सांगायचं. फाइलला चालवण्याची परवानगी द्यायला विसरलात तर ती मुकाट्याने वगळली जाते.

फेडोराकडे हेच काम ड्राकट करतो आणि आर्चकडे एमकेइनिटसीपीआयओ. नावं बदलतात, बांधणीची वेळ आणि बूटची वेळ हा भेद तसाच राहतो. ड्राकटच्या गठ्ठ्यात बहुधा सिस्टिमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्राम) हाच इनिटचं काम करतो, त्यामुळे तिथे स्क्रिप्टीच्या जोडीला त्याच्या युनिट फाइलीही (सेवांची वर्णनं) लिहिता येतात.

वाट पाहणं हा विषय क्षुल्लक वाटतो, पण बहुतेक बिघाड तिथलेच. कर्नल उपकरणं एकाच वेळी, आपापल्या गतीने शोधतो. यूएसबी डिस्क जागी व्हायला काही सेकंद घेते. स्क्रिप्ट त्याआधीच तिथे पोहोचते आणि ‘डिस्क नाही’ म्हणून थांबते. घाईत लोक ‘पाच सेकंद थांब’ अशी ओळ घालतात. त्याने वेगवान मशीन उगीच खोळंबते आणि मंद मशीन तरीही अडते. चांगली स्क्रिप्ट थोड्या थोड्या वेळाने डोकावते, डिस्क दिसताच पुढे जाते, आणि एका मर्यादेनंतर हार मानते. ती हार कशी मानावी, यातच खरी पारख आहे.

त्याचा मासला २०१६ मध्ये सगळ्यांनी पाहिला. हेक्टर मार्को आणि इस्माएल रिपोल या संशोधकांनी डेबियन घराण्यातल्या कूटबद्ध डिस्क उघडणाऱ्या स्क्रिप्टीतलं एक भगदाड दाखवलं. सीव्हीई-२०१६-४४८४ या क्रमांकाने त्याची नोंद आहे. पासवर्ड विचारला जात असताना एंटर कळ साधारण ७० सेकंद दाबून धरली की समोर रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार असलेला शेल उघडायचा. कूटबद्धीकरणात काहीच चूक नव्हती. पासवर्ड विचारणारी स्क्रिप्ट ठरावीक प्रयत्नांनंतर नीट थांबत होती. पण तिला बोलावणाऱ्या वरच्या स्क्रिप्टीने ते अपयश ‘डिस्क अजून जागी झाली नसेल’ असं समजून घेतलं आणि तिला पुन्हा पुन्हा बोलावलं. तेही प्रयत्न संपल्यावर तिने दुरुस्तीसाठी ठेवलेला शेल उघडून दिला. डिस्कवरचा कूटबद्ध मजकूर सुरक्षित राहिला, पण उघड्या बूट विभाजनात ढवळाढवळ करायला वाट मिळाली. दोन्ही स्क्रिप्टी वेगवेगळ्या वाचल्या तर शहाण्याच वाटतात. चूक आहे ती एकीच्या अपयशाचा दुसरीने लावलेल्या अर्थात. शेलमध्ये आज्ञा फसली की ‘शून्य नाही’ एवढाच निरोप वर जातो, आणि त्यामागचं कारण हरवतं.

सुरक्षेचं आणखी एक अंग. दूर ठेवलेल्या सर्व्हरची कूटबद्ध डिस्क उघडायला गठ्ठ्यात ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिनचा) सर्व्हर बसवतात. मशीन बूट होताना थांबतं, तुम्ही दुरून आत येता, पासवर्ड देता आणि ते पुढे जातं. सोय फार छान आहे. पण हा गठ्ठा बहुधा कूटबद्ध नसलेल्या विभाजनात राहतो, त्यामुळे त्यात ठेवलेली प्रत्येक किल्ली मशीन हाताशी असलेल्या कोणालाही वाचता येते. मुख्य सिस्टिमच्या एसएसएच किल्ल्या इथे कधीच वापरू नयेत. शिवाय सिक्युअर बूट (बूट होताना डिजिटल सही तपासण्याची सोय) चालू असला तरी नेहमीच्या मांडणीत सही तपासली जाते ती बूटलोडरची आणि कर्नलची. गठ्ठा तुमच्याच मशीनवर बांधलेला, त्याच्यावर सही नसते. कर्नल, गठ्ठा आणि पर्याय एकाच फाइलीत बांधून सगळ्यावर मिळून सही करण्याची ‘युनिफाइड कर्नल इमेज’ ही पद्धत याचसाठी पुढे येत आहे. तिची किंमत अशी, की स्क्रिप्टीतली एक ओळ बदलली तरी पुन्हा सही करावी लागते.

चाचणीसाठी खऱ्या मशीनला हात लावायची घाई नको. क्यूएमू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामला कर्नल आणि गठ्ठा थेट देता येतो. बूटलोडर नाही, डिस्कही नाही, आणि बदल केल्यापासून निकाल दिसेपर्यंत फार वेळ जात नाही. काय चाललंय ते कळायला स्क्रिप्टीतून ‘केएमएसजी’ या उपकरणात ओळी लिहाव्यात. त्या कर्नलच्या नोंदींत, वेळेसह, नीट क्रमाने बसतात. डेबियनमध्ये कर्नलला ‘ब्रेक’ हा पर्याय देऊन हव्या त्या टप्प्यावर थांबता येतं आणि शेलमध्ये शिरून आजूबाजूला पाहता येतं. ड्राकटमध्ये त्यासाठी ‘आरडी डॉट ब्रेक’ आहे. ‘डीबग’ हा पर्याय दिला तर स्क्रिप्टीची चाललेली प्रत्येक ओळ ‘रन’ फोल्डरातल्या एका फाइलीत उतरते. ते फोल्डर मूळ डिस्कवर सोबत नेलं जातं, त्यामुळे बूट पूर्ण झाल्यावर ती निवांत वाचता येते.

खऱ्या मशीनवर गठ्ठा बदलायची वेळ आली की आधी तो उलगडून आपल्या फाइली खरंच आत गेल्या आहेत का ते पाहा. ‘एलएसइनिटरॅमएफएस’ ही आज्ञा आतल्या फाइलींची यादी क्षणात दाखवते. आणि निदान एक जुना कर्नल त्याच्या गठ्ठ्यासह राहू द्या. डेबियनची गठ्ठा अद्ययावत करण्याची आज्ञा, वेगळं सांगितलं नाही तर, फक्त सर्वांत नव्या कर्नलचा गठ्ठा बांधते. नवा अडला तर बूटलोडरच्या यादीतून जुना निवडायचा, आत यायचं आणि स्क्रिप्ट दुरुस्त करायची.