कुंडी रिकामी दिसते तेव्हा

पोळा जवळ आला की आमच्या गच्चीवरची कळलावी फुलायला लागते. कळी हिरवी, मान खाली घातलेली. मग एका सकाळी तिच्या सहा पाकळ्या उलट्या फिरतात आणि टोकं आभाळाकडे करून उभ्या राहतात. कडा इतक्या लहरी की चुलीतला जाळच आठवावा. सुरुवातीला पिवळा रंग जास्त, टोकांना थोडी लाली. पुढच्या काही दिवसांत लाली खाली उतरत जाते आणि शेवटी सगळं फूल लालभडक होतं. एकाच वेलीवर खाली पिकलेली लाल फुलं, वर कोवळी पिवळी. वाकून पाहिलं तर सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले दिसतात. स्त्रीकेसराची दांडी मात्र बुडाशीच काटकोनात वळून एका बाजूला निघालेली असते, त्यामुळे स्वतःचे पराग तिच्यावर सहज पडत नाहीत.

मला फुलापेक्षाही पान जास्त आवडतं. प्रत्येक पान टोकाशी बारीक होत जातं आणि तिथेच त्याचा ताणा होतो. ताण्याला काडी लागली की तासाभरात तो तिच्याभोवती वळायला लागतो. वेल वर चढते ती या पानांच्या टोकांनी.

ग्लोरिओसा सुपर्बा हे तिचं शास्त्रीय नाव. हिंदीत कलिहारी, संस्कृतात अग्निशिखा आणि लांगली. लांगल म्हणजे नांगर, आणि जमिनीतला तिचा कंद खरंच नांगरासारखा, दोन फाट्यांचा असतो. तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे, झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल आहे. आणि ही वेल मुळापासून बीपर्यंत विषारी आहे.

हे मला माहीत होतं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, ही माझी चूक.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत कुंड्यांची माती बदलायला एक काका आले होते. दिवाळीनंतर कळलावी वाळून जाते, वर काही उरत नाही, त्यामुळे ती कुंडी त्यांना रिकामीच वाटली. त्यांनी ती उपडी केली, आतून चार-पाच कंद निघाले, ते त्यांनी धुऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. ओट्यावर टोपलीत दोन किलो रताळी आधीच होती. संध्याकाळी आई रताळी निवडायला बसली आणि तिने एक कंद उचलून मला विचारलं, "हे रताळं दोन पायांचं कसं गं?" सगळे कंद शाबूत होते म्हणून ते दोन पाय तिला दिसले. हा कंद फार ठिसूळ असतो. काढताना तो फाट्याशी मोडला असता तर हातात फिकट तपकिरी सालीचा, आत पांढरा, दोन्हीकडे निमुळता तुकडा आला असता आणि तो तिने कुकरमध्ये टाकला असता. श्रीलंकेत नेमकी हीच चूक होऊन माणसं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. कंद उकडल्याने विष जात नाही.

या विषाचं नाव कोल्चिसिन. काळ्या समुद्राकाठच्या कोल्खिस या प्राचीन प्रदेशावरून हे नाव आलं, कारण युरोपात ते आधी कोल्चिकम नावाच्या दुसऱ्या फुलझाडात सापडलं. १८२० मध्ये पेलेतिये आणि कावाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. त्याच वर्षी याच जोडीने सिंकोनाच्या सालीतून क्विनाईनही मिळवलं. युनानी औषधांत सांधेदुखीसाठी वापरतात तो सुरंजान म्हणजे कोल्चिकमचाच कंद.

कोल्चिसिन काय करतं ते समजलं की विषबाधेची सगळी लक्षणं ओळीने समजतात. शरीरातली पेशी दुभंगून दोन व्हायची असली की आतल्या गुणसूत्रांच्या जोड्या आधी मधोमध रांगेत येतात. मग दोन्ही टोकांकडून बारीक दोऱ्या येतात आणि त्यांना दोन दिशांना ओढून नेतात. या दोऱ्या ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या कणांनी बनतात. भिंत रचताना विटेवर वीट बसते तसा कणाला कण जुळत जातो आणि दोरी लांबते. कोल्चिसिन या कणाला चिकटून बसतं. असा कण दोरीच्या टोकाला लागला की पुढचा कण नीट बसत नाही, दोरी वाढायची थांबते, गुणसूत्रं मध्येच अडकतात आणि पेशी मरते. गंमत म्हणजे हे प्रथिन शास्त्रज्ञांच्या हाती लागलं तेच कोल्चिसिनमुळे. १९६७ मध्ये बोरिसी आणि टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसिन पेशींमध्ये सोडलं, ते कशाला चिकटतं ते शोधलं, आणि त्या प्रथिनाला पुढे ट्यूब्युलिन हे नाव मिळालं.

आता शरीरात सगळ्यांत भराभर पेशी कुठे बनतात ते पाहा. आतड्याच्या अस्तरात, हाडांच्या मगजात, केसांच्या मुळांशी. म्हणून कंद पोटात गेल्यावर काही तासांनी उलट्या आणि जुलाब सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मगजाचं काम मंदावतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात, मूत्रपिंड आणि हृदयही संकटात येतं. यातून माणूस वाचला तर आठवड्या-दीड आठवड्याने त्याचे केस झडायला लागतात आणि पुढे परत येतात. विष एकच आहे. ज्या पेशींची उलाढाल मोठी, त्यांना ते आधी गाठतं.

मग वेलीच्या स्वतःच्या पेशींचं काय? त्यांनाही दुभंगायचं असतंच. पण वनस्पतींच्या ट्यूब्युलिनला कोल्चिसिन फार सैल चिकटतं. प्राण्यांच्या पेशी अगदी थोड्या मात्रेत थांबतात, झाडांना त्याच्या कितीतरी पट लागतं. तेवढी मात्रा दिली तर झाडातही दोऱ्या बनत नाहीत, पण पेशी पुष्कळदा मरत नाही, तिच्यात गुणसूत्रांचा दुप्पट संच राहून जातो. ब्लेकस्ली आणि एव्हरी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये ही युक्ती जगापुढे ठेवली. ब्लेकस्ली अनेक वर्षं धोतऱ्यावर काम करत होते, म्हणजे एका विषारी झाडाचं विष दुसऱ्या विषारी झाडावर. उन्हाळ्यात आपण बिनबियांचं टरबूज खातो ना, ते याच युक्तीतून आलं. दुप्पट संचाच्या टरबुजाचा साध्या टरबुजाशी संकर केला की तिप्पट संचाचं बी मिळतं, आणि ते पेरून आलेल्या वेलीच्या फळात बी धरत नाही. जपानच्या हितोशी किहारा यांनी ते करून दाखवलं.

औषध म्हणूनही कोल्चिसिन मोलाचं आहे. गाऊटमध्ये युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचतात आणि पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात, त्याने पायाचा अंगठा सुजून लाल होतो. या पेशींच्या हालचालीलाही त्याच दोऱ्या लागतात. अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी ही धाव आवरते. मात्र औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार कमी आहे. तमिळनाडूत शेतकरी बियांसाठी या वेलीची शेती करतात, फुलांवर हाताने पराग लावतात, आणि त्या बियांपासून औषध बनतं.

शेजारच्या काकू म्हणतात, कळलावी घरात लावली की घरात कळ लागते, भांडणं होतात. पण या नावात प्रसूतीची कळही आहे. बाळंतीण अडली की कंदाचा लेप लावायची जुनी रीत होती, संस्कृतात तिला गर्भपातिनी हेही नाव आहे. आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली आणि शुद्ध केल्याशिवाय वापरू नये असं सांगितलं. घरी यातलं काहीही करून पाहू नका, लेपसुद्धा नाही.

लावायची असेल तर कंद रोपवाटिकेतून घ्या, जंगलातून उपटून आणू नका. औषधासाठी खणून खणून रानातली कळलावी आधीच कमी झाली आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि त्यात कंद सडतो, म्हणून निम्मी वाळू आणि शेणखत मिसळा. कुंडी खोल हवी. मेच्या शेवटी, पाऊस तोंडावर आला की कंद आडवा ठेवून वर दोन-तीन इंच माती घाला. हातमोजे घाला. कोंब फाट्याच्या टोकाशीच असतो, ते टोक मोडलं तर तो फाटा उगवत नाही. आधाराला जाड बांबू चालत नाही, ताण्याला तो कवेत घेता येत नाही. तुराटीच्या काड्या किंवा जाळी उत्तम. पानं पिवळी पडली की पाणी बंद करा. वाळलेली वेल रस्त्याकडेला टाकू नका, गुरं तोंड लावतात.

लहान मूल रांगतं असेल तर ही वेल काही वर्षं लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेंगा उकलल्या की आतल्या लालकेशरी बिया फारच मोहक दिसतात. मी शेंगा हिरव्या असतानाच खुडते. आणि कुणी काही खाल्ल्याची नुसती शंका आली तरी उलट्यांची वाट पाहू नका, मिठाचं पाणी पाजत बसू नका. वेलीचा तुकडा पिशवीत घालून थेट मोठं रुग्णालय गाठा, नागपुरात असाल तर मेडिकल, मेयो किंवा एम्स. कोल्चिसिनवर सहज मिळेल असा उतारा नाही, आणि हातात असतात ते पहिले काही तासच.

फुललेल्या वेलीला घरात सगळे जपून असतात. माझा जीव टांगणीला लागतो तो नोव्हेंबर ते मे, कुंडी रिकामी दिसते तेव्हा. आता कुंडीच्या पोटावर लाल ऑइलपेंटने 'कळलावी – आत विषारी कंद' असं मराठीत आणि हिंदीत लिहिलं आहे. मातीखाली एक इंचावर लोखंडी जाळी अंथरली आहे, तिच्यातून कोंब वर येतो, पण खुरपं आत जात नाही. आणि शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आई स्वतः गच्चीवर जाऊन कुंडी जागेवर आहे ना ते बघून येते, मग रताळी निवडायला बसते.