वर्ग चौथीचा, वजाबाकी दुसरीची

४१ वजा १८. चौथीतल्या एका मुलाने उत्तर लिहिलं ३७, शेजारच्या मुलीने ३३. दोघांच्याही वहीत लाल फुली. पण चुका एकसारख्या नाहीत. मुलाला एकातून आठ जाईनात, म्हणून त्याने सरळ आठातून एक वजा केला. ४१ म्हणजे चार दशक आणि एक सुटा, हे त्याच्या मनात अजून बसलेलं नाही. मुलीने दशक सोडवला, अकरातून आठ बरोबर काढले, फक्त चाराचे तीन करायचे विसरली. तिला चाराला काट मारून वर तीन लिहायची सवय लावली की पुरतं. त्याला मात्र दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हातात देऊन, रबर काढून गठ्ठा सुटा करण्यापासून सुरुवात हवी. दोघांना तीच दहा गणितं पुन्हा घातली तर ती कंटाळेल आणि त्याची चूक पक्की होईल.

‘प्रत्येक मूल वेगळं असतं’ हे वाक्य शिक्षक प्रशिक्षणात हमखास ऐकू येतं. मग चर्चा वळते ती शिकण्याच्या शैलींकडे: हा बघून शिकतो, ती ऐकून शिकते. शैलीनुसार शिकवल्याने मुलं जास्त शिकतात का, याचा अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने २००८ साली आढावा घेतला, तेव्हा पुरेसा पुरावा मिळाला नाही. त्यात वेळ घालवू नये. उपयोगाचा फरक साधा आहे: मुलाला आत्ता काय येतं आणि कुठे अडतं.

ते शोधायला मोठी परीक्षा लागत नाही. ‘प्रथम’ या शिक्षण क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणाची चाचणी एका मुलामागे काही मिनिटांत होते. ती तोंडी असते, कारण ज्याला वाचताच येत नाही त्याला लेखी पेपर दिला तर काहीच कळत नाही. सुरुवात पहिलीच्या पातळीच्या छोट्या परिच्छेदापासून. सलग वाचला आणि तीनपेक्षा जास्त चुका झाल्या नाहीत, तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. अडला तर सुटे शब्द: पाचातले चार आले पाहिजेत. तेही जमलं नाही तर अक्षरं, तिथेही पाचात चार. गणितात दोन हातच्याच्या वजाबाक्या आधी. दोन्ही बरोबर आल्या तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग, नाहीतर खाली संख्या ओळखण्याकडे. एकेका मुलाला बाजूला बसवून घ्यावी. बाकीची मुलं ऐकत असली की कच्चं मूल गप्प बसतं, आणि त्याची पातळी आहे त्याहून खाली नोंदली जाते.

मराठीत काही अडथळे ठरलेले आहेत. ‘कमळ’, ‘बदक’ घडाघडा वाचणारं मूल ‘कैरी’पाशी थांबतं, कारण काना-मात्रा पक्क्या नाहीत. त्याच्यापुढचं ‘रस्ता’पाशी अडखळतं. संख्यांमध्ये उच्चार आणि लेखन यांचा क्रम उलटा: ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी ऐकू येतात, म्हणून ३५ लिहिलं जातं, ‘एकोणसाठ’मधला साठ ऐकून ६९. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी जोड दिली तेव्हा बरीच थट्टा झाली, पण अडचण खरी आहे.

वाचनाचा अडथळा इतर विषयांतही नडतो. एकेक अक्षर जुळवत जाणाऱ्या मुलाची सगळी शक्ती त्यातच खर्च होते. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. मग शाब्दिक उदाहरण चुकतं, आणि आपण म्हणतो गणित कच्चं आहे. २०१८ च्या ‘असर’मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला नव्हता.

उपाय असा: रोज एक तास राखून ठेवायचा, तिसरी ते पाचवीची मुलं त्या तासापुरती इयत्ता विसरून पातळीनुसार बसवायची. भाषेचे गट वेगळे, गणिताचे वेगळे, कारण वाचनात मागे असलेली मुलगी वजाबाकीत पुढे असू शकते. अक्षर गटाला बाराखडीचा तक्ता, शब्दांचे खेळ आणि शिक्षकाने बोट ठेवून वाचलेला मजकूर. परिच्छेद गटाला जोडीने वाचन, मग ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगणं आणि दोन-चार ओळी लिहिणं. दोनच शिक्षकांच्या शाळेत दोन गट करावेत, चार नकोत. दर काही आठवड्यांनी तीच चाचणी, पण मजकूर बदलून, आणि मुलं लगेच हलवायची. हे टळलं की गट म्हणजे ‘ढ’चा बाक होतो.

अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी पातळीनुसार शिकवण्याचे प्रयोग अनेक वर्षं तपासले. २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात ‘बालसखी’, म्हणजे ‘प्रथम’ने तयार केलेल्या स्थानिक तरुणी, रोज सुमारे दोन तास मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर घेऊन बसायच्या. बाहेर गेलेल्या मुलांचे गुण वाढले. वर्गात उरलेल्यांना पट कमी होऊनही विशेष फायदा झाला नाही, म्हणजे नुसती गर्दी घटवून भागत नाही. त्याहून बोलकं आहे बिहारचं उदाहरण. २००८ च्या उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनीच ही पद्धत वापरली आणि मुलं पुढे गेली. शाळेच्या वर्षात प्रशिक्षण आणि साहित्य देऊनही एकट्या शिक्षकांकडून तसा फरक पडला नाही. शिबिरात पाठ्यपुस्तक संपवायचं नव्हतं, शाळेत होतं. हरियाणात २०१२-१३ मध्ये वेळापत्रकातच तास कोरून ठेवला आणि देखरेख करणाऱ्यांना आधी स्वतः शिकवायला लावलं, तेव्हा हिंदी वाचन सुधारलं.

म्हणून मुख्याध्यापकाने आधी वेळापत्रक बघावं, साहित्याची खरेदी नंतर. आणि गट वाटताना सगळ्यांत खालचा गट नव्या स्वयंसेवकाकडे ढकलू नये, जे सर्रास होतं. गोष्ट गट स्वयंसेवक सांभाळू शकतो. ३७ हे उत्तर कुठून आलं ते ओळखायला अनुभवी शिक्षकच लागतो.