ओरडून बोललं की आवाज तुटायचा

उपग्रहावरून इंटरनेट मिळणार अशा बातम्या यायला लागल्यापासून पारावर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आता खरं तंत्रज्ञान येऊन राह्यलं, आतापर्यंत नुसतं वायरवरच भागवलं." गंमत अशी, की क्रम उलटा आहे. १९८०च्या आसपास कंपनीच्या ट्रेनिंगला जर्मनीला गेलेला दारव्ह्याकडचा पोरगा तिथल्या पोस्टातल्या केबिनमधून गावी फोन करायचा, तेव्हा त्याचा आवाज बहुतेक वेळा उपग्रहावरूनच यायचा. आणि त्या बोलण्यात अर्धी मिनिटं "हॅलो, आयकू येते काय?" यातच जायची.

असा फोन घरी येत नसे, कारण घरी फोनच नसे. किराणा दुकानात किंवा पोस्टात निरोप, कुणीतरी सायकलवर बोलवायला जाणार, मग दुसऱ्यांदा फोन. बाबा धापा टाकत येणार आणि रिसीव्हर हातात घेताच ओरडणार. जर्मनी दूर आहे ना! पण ओरडल्याने काम बिघडायचंच जास्त. का, ते पाहू.

भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र १९७१ साली आर्वीला सुरू झालं. आपल्याकडे आर्वी म्हटलं की वर्धा जिल्हाच आठवतो, पण ही आर्वी पुणे जिल्ह्यातली, जुन्नर तालुक्यातली. तिथल्या सुमारे ३० मीटर व्यासाच्या अँटेनाचं तोंड हिंदी महासागरावरच्या भूस्थिर उपग्रहाकडे, म्हणजे पृथ्वीच्याच गतीने फिरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहाकडे. हा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच. वर जाऊन खाली यायला किमान ७२ हजार किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ पाव सेकंद. प्रश्नाला उत्तर यायला अर्धा सेकंद. तेवढ्यात माणसाला वाटतं, समोरच्याला ऐकू आलं नाही. मग दोघंही एकदम बोलतात.

हे एवढंच असतं तर सवय झाली असती. खरी कटकट प्रतिध्वनीची.

गावच्या फोनला दोनच तारा. जाणारा आवाज त्याच जोडीवर, येणाराही त्याच जोडीवर. पण लांबच्या मार्गावर आवाज मध्येमध्ये वाढवावा लागतो आणि ही वाढवणारी यंत्रं एकाच दिशेने चालतात. म्हणून तिथे जाण्याची वाट वेगळी, येण्याची वेगळी: चार तारा. दोन तारांची गाठ चारांशी जिथे पडते तिथे एक खास रोहित्र असतं, हायब्रिड. येणारा आवाज त्याने फक्त गावाकडे सोडायचा, परतीच्या वाटेवर जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी त्याच्या दुसऱ्या बाजूला रोध आणि धारित्र जोडून गावच्या लाइनची नक्कल केलेली असते. नक्कल अस्सलशी तंतोतंत जुळली तर परतीच्या वाटेवर दोन्हींचा परिणाम एकमेकांना खोडून शून्य होतो. पण नक्कल सरासरी लाइनची. आपली लाइन म्हणजे खांबावरच्या उघड्या तारा, गंजलेले जोड, पावसात ओल. जुळणार कशी? ओलिताच्या पाटाला बांध नीट बसला नाही की पाणी शेजारच्या सरीत झिरपतं, तसा जर्मनीहून आलेला आवाज थोडासा परतीच्या वाटेला लागायचा आणि उपग्रहावरून पुन्हा जर्मनीला. म्हणजे खराबी आपल्या खांबावर, आणि स्वतःचेच शब्द अर्ध्या सेकंदाने ऐकून अडखळणारा पोरगा तिकडे. जवळच्या फोनवरही आवाज असाच झिरपतो, पण तो लगेच परतत असल्याने वेगळा कळत नाही.

यावर पहिला उपाय जरा आडदांड होता. दोन्ही टोकांना प्रतिध्वनीदाबक बसवले. पलीकडून आवाज येतोय असं दिसलं की दाबक परतीची वाट बंद करायचा. आता बाबांचं ओरडणं आठवा. त्यांचा दणदणीत आवाज तिकडे पोचला की तिकडचा दाबक समजायचा, "गाव बोलतंय," आणि मुलाच्या बोलण्याची वाट कापायचा. "मी पुढच्या..." एवढंच ऐकू यायचं. बाबा म्हणायचे लाइन खराब, आणि आणखी ओरडायचे. (गावची लाइन अशक्त असायची, तेव्हा जरा मोठ्याने बोलणं गैर नव्हतं, हेही खरं.)

हुशार उपाय निघाला तो अमेरिकेच्या बेल लॅब्ज या टेलिफोन-संशोधन संस्थेत. भारतात जन्मलेले मनमोहन सोंधी यांनी १९६७ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. वाट कापायची नाही. येणारा आवाज आणि परत जाणारा आवाज यांची तुलना करत झिरपण्याचा नमुना शिकायचा, त्यावरून प्रतिध्वनीचा अंदाज बांधायचा आणि तेवढाच वजा करायचा. चूक उरली की नमुना आणखी सुधारायचा.

जाता जाता: मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओलहरींत काही मिनिटं संदेश बुडतो. नेमका पितृपक्ष त्याच दिवसांत आला म्हणून फोनला पितरांचा कोप चिकटवू नये.

१९९४ साली मुंबईला काचतंतूंची समुद्री केबल लागली. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरच जातो, तरी युरोपचं अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत कापतो. नवे इंटरनेट-उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरच फिरतात, त्यामुळे जुना पाव सेकंद त्यांना लागत नाही. पण आजही समुद्रापारचे बहुतेक फोन केबलवरूनच जातात.

प्रतिध्वनी मात्र अजून भेटतो. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला तुमचाच आवाज ऐकू आला तर आपला फोन झटकत बसू नका. समोरच्याच्या स्पीकरमधला तुमचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतोय. त्याला आवाज बारीक करायला सांगा, नाहीतर इअरफोन लावायला.