इंग्रजीतली सर्वनामं

नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम, ही शाळेतली व्याख्या इंग्रजीलाही चालते. आय, यू, ही, शी, इट, वी, दे ही पुरुषवाचक, शिवाय धिस-दॅट, हू-विच, समवन-नोबडी असे बाकीचे प्रकार आहेतच. पण नुसते प्रकार पाठ करून फारसं काही हाती लागत नाही.

मराठीत "येतेस का?" एवढंच म्हटलं तरी समोर एकच बाई आहे आणि ती जवळची आहे हे कळतं, कारण ते सगळं क्रियापदात आहे. इंग्रजी क्रियापदाचे जुने प्रत्यय शतकानुशतकं झिजत गेले, आय गो, यू गो, दे गो सगळं सारखंच, मग कर्ता सांगायचं काम सर्वनामावर पडलं आणि म्हणून ते गाळता येत नाही. पाऊस पडतो तेव्हासुद्धा "इट इज रेनिंग", आता त्यातला इट म्हणजे कोण, तर कोणीच नाही, फक्त कर्त्याची जागा भरायला आलाय. विभक्तीचंही तसंच, नामांची गेली पण सर्वनामांत राहिली. डॉग चावला काय किंवा डॉगला कोणी मारलं काय, शब्द डॉगच राहतो, पण इंग्रजी आयचं मी (me) होतं आणि हीचं (he) हिम, आपल्या मी-मला सारखं.

यूची गोष्ट मला सगळ्यात आवडते. इंग्रजीत तू आणि तुम्ही दोन्हीला एकच शब्द, म्हणून आपल्याला वाटतं की हे लोक सगळ्यांना अरेतुरे करतात, प्रत्यक्षात गेला तो तू. एकवचनी शब्द होता दाऊ, यू मुळात अनेकवचनी, मग मोठ्या माणसांसाठी आदरार्थी झाला, आणि पुढे सगळ्यांनाच यू म्हणायची पद्धत पडून दाऊ प्रमाण इंग्रजीतून मागे पडला. 17व्या शतकात क्वेकर पंथाचे लोक मात्र देवापुढे सगळे समान म्हणून न्यायाधीशालाही दाऊच म्हणायचे, आणि त्याचा राग यायचा लोकांना.

दे तर मूळचा इंग्रजीचाच नाही, व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून आलेला. सर्वनामं सहसा कोणी उसनी घेत नाही, म्हणून हे विशेष. एका व्यक्तीसाठी दे वापरणं हे नवीन फॅड आहे असं बरेच जण म्हणतात ते चूक आहे, 14व्या शतकापासून ते लिखाणात सापडतं. 2019 मध्ये मेरियम-वेबस्टर डिक्शनरीने दे हाच वर्षाचा शब्द निवडला होता.

काही ठिकाणी मात्र मराठी जास्त नेमकी आहे. वी म्हटलं की आम्ही की आपण, ऐकणारा त्यात धरलाय की नाही, ते नुसत्या शब्दावरून कळत नाही. "ही वेंट टू हिज हाऊस" मध्ये आपल्या घरी गेला की दुसऱ्या कोणाच्या हेही संदर्भावरूनच लावायचं.

आपल्याकडे ओळख करून देताना "मायसेल्फ अमित" सर्रास म्हणतात. मायसेल्फ म्हणजे स्वतः, तो एकटा कर्ता होत नाही, त्यामुळे तिथे "आय अ‍ॅम अमित" हवं.