मध्यवयातील चेहऱ्याची लाली

चेहऱ्याची लाली : गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग वारंवार लाल होणे, तापणे, चुरचुरणे आणि पुढे ती लाली तिथेच टिकून राहणे. तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान हा त्रास सुरू झाला, तर त्यामागे बरेचदा रोझेशिया हा त्वचेचा दीर्घकालीन दाह असतो. तो स्त्रियांत अधिक आढळतो; नाकाची कातडी जाड व गाठाळ होण्याचा प्रकार मात्र पुरुषांत जास्त. रोझेशिया मुळापासून जात नाही, पण नीट सांभाळला तर महिनोन् महिने शांत राहतो. आणि सांभाळण्याची सुरुवात नवे काही लावण्यापासून नव्हे, तर लावत असलेले बरेचसे बंद करण्यापासून होते.

या वयातच का? त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशींच्या फटी सेरामाइडसारख्या स्निग्ध द्रव्यांनी लिंपलेल्या असतात. वयानुसार हे लिंपण पातळ होते. पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजेन हे घट्टपणा देणारे प्रथिन सुमारे 30 टक्क्यांनी कमी होते. पाणी बाहेर निसटते, बाहेरचे पदार्थ आत शिरतात आणि वर्षानुवर्षे चाललेले क्रीम अचानक झोंबू लागते. रजोनिवृत्तीतील गरम वाफा यात भर घालतात. त्या वाफा छाती-मानेवरून वर चढतात, घाम फुटतो आणि काही मिनिटांत ओसरतात. रोझेशियाची लाली चेहऱ्यापुरती राहते, जास्त वेळ टिकते आणि तिच्यासोबत आग होते. एकाच व्यक्तीला दोन्ही असू शकतात.

रोझेशियात त्वचेतील कॅथेलिसिडिन हे संरक्षक प्रथिन बिघडलेल्या रूपात तयार होते, रक्तवाहिन्या सहज फुलतात आणि केसांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स हे सूक्ष्म किडे वाढलेले आढळतात. हे किडे निरोगी चेहऱ्यावरही असतात, त्यामुळे अस्वच्छतेशी या आजाराचा संबंध नाही.

ओळख. पुटकुळ्या आल्या म्हणून याला मुरुम समजण्याची चूक फार होते. रोझेशियात मुरुमांसारखी काळी किंवा पांढरी टोके नसतात. मुरुमांची कडक औषधे लावली, की चेहरा आणखी भडकतो. भुवया व नाकाच्या बाजूच्या घड्यांत तेलकट पिवळसर कोंडा असेल तर सेबोऱ्हिक त्वचादाहाचा विचार करावा. नाक-गालांवर लाली असून नाकाच्या बाजूच्या घड्या कोऱ्या राहिल्या आणि सोबत सांधे दुखत असतील, तर ल्यूपसची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजाराची) तपासणी हवी. आगीपेक्षा खाज जास्त असेल तर एखाद्या प्रसाधनाची अॅलर्जी शोधावी.

सावळ्या त्वचेवर लाली लपते आणि निदान लांबते. तिथे रंगापेक्षा भगभग, गरमपणा आणि झोंबणे यांवर लक्ष ठेवावे. स्वच्छ पारदर्शक काच गालावर काही क्षण दाबून धरली, तर फुललेल्या वाहिन्यांमुळे आलेला रंग काचेखाली फिका पडतो आणि काच उचलताच परत भरतो.

स्टेरॉइडचा सापळा. चेहऱ्याचे सर्वाधिक नुकसान स्टेरॉइडयुक्त मलमांनी होते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे गोरेपणाच्या किंवा बुरशीवरच्या मिश्र मलमांतही असतात, म्हणून नळीवरचा मजकूर वाचायलाच हवा. दोन दिवसांत लाली उतरते, कारण वाहिन्या आकसतात. महिन्यांनंतर कातडी पातळ होते, जाळीदार लाल रेषा दिसतात, पुटकुळ्या येतात. मलम सोडताच चेहरा पूर्वीपेक्षा लाल होतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. हे चक्र तोडताना काही आठवडे फार त्रासाचे जातात. ते त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच काढावेत.

रोजची निगा. पहिले चार आठवडे फक्त तीन वस्तू : सौम्य क्लिंझर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, पीएच 5 च्या आसपास. साध्या साबणाचा पीएच 9 ते 10 असतो, म्हणून साबण चेहऱ्याला लावू नये. कोमट पाण्याने, बोटांच्या टोकांनी धुवावे. टॉवेलने घासू नये, टिपावे. औषधी मलम लावायचे असल्यास चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्यावा. ओल्या त्वचेवर ते जास्त झोंबते. स्क्रब, अल्कोहोल असलेला टोनर, मेंथॉल, कापूर, सुगंध, लिंबाचा रस, रेटिनॉल आणि फळांची आम्ले या काळात बंद.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे, एसपीएफ 30 किंवा अधिक, चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीइतके. उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. नवी वस्तू एका वेळी एकच आणावी आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावी.

ऊन, उष्णता, मद्य, तिखट, वारा, ताण ही नेहमीची निमित्ते; पण प्रत्येकाची यादी वेगळी. दोन-तीन आठवडे नोंद ठेवली तर ती सापडते. कॉफीवर उगाच दोष येतो. 1981 साली झालेल्या एका प्रयोगात 60 अंश सेल्सिअसचे नुसते पाणी प्यायल्यानेही चेहरा लाल झाला. भडका कॅफिनचा नव्हता, उष्णतेचा होता. पेय कोमट करून प्यावे, सोडण्याची गरज नाही.

औषधे. पुटकुळ्यांवर आयव्हरमेक्टिन 1 टक्का क्रीम दिवसातून एकदा : कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल यांना प्रत्येकी वाटाण्याएवढे. मेट्रोनिडाझोल 0.75 टक्के किंवा अॅझेलाइक आम्ल 15 टक्के हे पर्याय. अॅझेलाइक आम्ल सुरुवातीला टोचते. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात आणि पुष्कळ जण त्याआधीच औषध सोडतात. पोटात घेण्याचे डॉक्सिसायक्लिन 40 मिलिग्रॅम, सावकाश सुटणाऱ्या रूपात, दाह कमी करते. ही मात्रा जिवाणू मारण्याइतकी नसते. गरोदरपणात ते चालत नाही.

ब्रिमोनिडिन 0.33 टक्के जेल अर्ध्या तासात लाली उतरवते, पण परिणाम सुमारे 12 तासांपुरता. काहींना नंतर लाली उसळून येते, म्हणून पहिला वापर घरी असताना, छोट्या भागावर करावा. दिसणाऱ्या लाल रेषा क्रीमने जात नाहीत. त्यांना लेसर लागतो. सावळ्या त्वचेवर चुकीच्या लेसरने काळे डाग पडतात, तेव्हा अशा त्वचेचा अनुभव असलेले डॉक्टर निवडावेत.

डोळे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटणे, पापण्यांच्या कडा लाल होणे, वारंवार रांजणवाडी येणे ही रोझेशियाचीच लक्षणे असू शकतात. मिटलेल्या पापण्यांवर कोमट ओल्या कापडाचा शेक 5 ते 10 मिनिटे द्यावा, मग कडा हलक्या हाताने पुसाव्यात. डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.